सत्तावन्न नंबरची सुलोचना

तुम्ही काय काम करता, असं प्रणिता बिराजदारला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मी माणसं वेगवेगळी ठेवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई तुरुंगात नोकरीला असावी. लग्नकार्यात असा गैरसमज झाला की ती तो तसाच राहू द्यायची. खरं काम समजावून सांगायला अर्धा तास लागायचा, आणि तोवर पंगत उठायची.

खरं काम असं. लातूरच्या ग्रामजीवन अभ्यास केंद्रात मुलाखतींचा जुना साठा होता. ब्याण्णव साली केंद्रातली पाच-सहा तरुण माणसं टेपरेकॉर्डर घेऊन बावीस गावांत फिरली होती आणि उंबऱ्यावर बसून बायकांना पाण्याबद्दल विचारून आली होती. पुढच्या वर्षी, गणपती बुडवून लोक झोपले त्या पहाटे, भूकंप झाला आणि त्या बावीसातली सात गावं भुईसपाट झाली. नव्याण्णव साली केंद्राची माणसं पुन्हा गेली आणि ज्या बायका वाचल्या होत्या त्यांना पुन्हा भेटून आली.

आता एवढं बोलणं नुसतं साठवून काय करायचं? त्यातून काही शोधायचं तर आधी ते माणसागणिक बांधावं लागतं. केस म्हणजे एक माणूस. ती बाई ब्याण्णवला काय बोलली, नव्याण्णवला काय बोलली, शेजारणीच्या मुलाखतीत मध्येच तोंड घालून काय बोलली, ते सगळं एका गाठोड्यात बांधायचं. मग गाठोड्याला चिठ्ठ्या लावायच्या: गाव, वय, शिक्षण, लेकरं किती, विहीर किती लांब. या चिठ्ठ्यांना केंद्रात गुणधर्म म्हणत. ते झालं की संगणकाला विचारता यायचं, की बाबा, ज्यांची विहीर अर्ध्या कोसापलीकडं होती त्या बायका थकव्याबद्दल काय बोलल्या? गाठोडी नीट असली तर उत्तर खरं येतं. एकीचं बोलणं दुसरीच्या गाठोड्यात गेलं तर संगणक तितक्याच ठामपणे खोटं सांगतो, आणि ते कुणाच्या बापाला कळत नाही.

प्रणिता या गाठोड्यांवर एकवीस वर्षं पहारा देत होती. एकंदर दोनशे बारा केसेस होत्या आणि त्यातली एक तिच्या घरची होती. केस क्रमांक सत्तावन्न: सुलोचना, नवरा वैजनाथ बिराजदार, गाव बोरसांगवी. तिची आई. नोकरीच्या पहिल्या वर्षी कागदावरच्या याद्या संगणकात चढवताना तिला हे सापडलं, तेव्हा तिनं साऱ्या केंद्राला पेढे वाटले होते. त्याच दिवशी तिनं एक चूकही पकडली होती. सत्तावन्न नंबरच्या बाईचं वय ब्याण्णवला चोवीस लिहिलेलं होतं आणि नव्याण्णवला पंचवीस. सात वर्षांत बाई एकाच वर्षानं मोठी. खेड्यातली बाई वय अंदाजानं सांगते आणि लिहिणारा ऐकेल ते लिहितो, हे प्रणिताला ठाऊक होतं. तिनं पंचवीसचं एकतीस केलं, शेजारी 'दुरुस्त' असा शेरा मारला आणि पुढच्या ओळीकडं वळली. असल्या दुरुस्त्या ती दिवसाला वीस करायची.

मूळ आवाज मात्र तिनं कधी ऐकला नव्हता. कॅसेटा पत्र्याच्या कपाटात बुरशी लागून चिकटल्या होत्या, आणि मशीनमध्ये घातली की फीत तुटायची. लिहून काढलेले कागद तेवढे होते.

मग २०४३ च्या जूनमध्ये केंद्रात 'कानोसा' आलं.

दिसायला ते भाकरीच्या डब्याएवढं होतं आणि त्याचं पहिलं काम समजायला सोपं होतं. फितीवरचा आवाज म्हणजे शेवटी काय, तर लोखंडी धुळीचे कण कोणत्या दिशेला तोंड करून बसलेत एवढंच. फीत चिकटली तरी कण जागचे हलत नाहीत. कानोसा फीत न उलगडताच कणांची तोंडं वाचायचं. पन्नास वर्षं मुक्या पडलेल्या कॅसेटा चार दिवसांत बोलायला लागल्या.

दुसरं काम जरा अवघड. माणसाचा घसा, जबडा, नाकामागची पोकळी यांची मापं जगात दुसऱ्या कुणासारखी नसतात, आणि नुसतं 'आ' म्हटलं तरी ती मापं त्या 'आ'मध्ये उतरतात. वयानं आवाज जाड होतो, थकतो, पण हाडांची मापं फारशी बदलत नाहीत. कानोसाला एका वाक्यावरून माणूस ओळखता यायचा. शिवाय तो आवाज थेट किती वेळात आला आणि दगडी भिंतीवर आपटून किती वेळात आला, यातला फरक मोजून माणूस कुठं उभा होता हेही सांगता यायचं. आणि बोरसांगवीची पिठाची गिरणी सगळ्या कॅसेटांत मागं पुकपुक करत होती. तिच्या ठेक्यावरून कुठली मुलाखत कुठलीच्या वेळेस चालू होती, तेही कानोसानं जुळवलं.

आता उंबऱ्यावर बसून मुलाखत घेतली तर टेपमध्ये काय एकटी बाई येते होय? रस्त्यानं कुणी जातं, कुणी कुणाला हाक मारतं, सासू आतून खाकरते. माणसांनी आजवर त्याला गोंगाट म्हणून सोडून दिलं होतं. कानोसाला गोंगाट म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं प्रत्येक आवाजाला एकेक केस उघडली. कोण कुणाला अप्पा म्हणतंय आणि कोण कुणाला 'अगं ए' म्हणतंय यावरून नात्यांच्या चिठ्ठ्याही लावल्या. सोमवारी सकाळी प्रणिता कामावर आली तेव्हा तिच्या दोनशे बारा केसेसच्या चार हजार तीनशे सोळा झाल्या होत्या.

"मॅडम, हे बिघडलंय," ती म्हणाली.

डॉ. हेमांगी तडवळकर केंद्राच्या प्रमुख होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आणि कामाच्या जागी हळवं झालेलं त्यांना मुळीच खपत नसे. त्यांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर लावून घेतले आणि कानोसाला सांगितलं, बोरसांगवीची एक सकाळ लाव.

गिरणी सुरू झाली. डावीकडं एक बाई बादली विहिरीत सोडता सोडता दोर ओला असल्याचं बडबडत होती. मागं शाळेत पोरं एकोणीसचा पाढा म्हणत होती आणि एकजण दर वेळी मागं पडत होता. कासाराची बाई बांगड्या घेऊन आली, तिला कुणीतरी म्हणालं, मागच्या खेपेचे पैसे आधी दे की मला, फुटक्या दिल्यास तू. दोघी हसल्या. एक म्हातारा खोकत खोकत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला चालत गेला, आणि प्रणितानं नकळत त्याला वाट दिली.

भिंतीवर प्रत्येक आवाजाचा एक ठिपका होता. बोरसांगवीचे दोनशे तीन ठिपके. मॅडमनी विचारलं, यातले भूकंपानंतर कोणत्याच टेपमध्ये न सापडलेले किती? एकशे चौदा ठिपके पांढरे झाले. त्यातल्या बहुतेकांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचे फोटो नव्हते, सह्या नव्हत्या. कुणाच्या तरी मुलाखतीच्या मागं ती आपापली सकाळ जगत होती आणि आता या खोलीत पुन्हा जगत होती. मॅडम खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या आणि गिरणी थांबेपर्यंत उठल्या नाहीत.

"बिघडलेलं नाही," त्या नंतर म्हणाल्या. "भूकंपाला या सप्टेंबरात पन्नास वर्षं होतात. तेव्हा हे सगळं त्या त्या घरच्यांना खुलं करायचं. ज्याचं माणूस त्याला ऐकू दे."

कानोसाला नव्या साहेबासारखी एक खोड होती. ते जुन्या कामातल्या शंका काढायचं. बुधवारी त्यानं शंकांची यादी दिली आणि त्यात तिसऱ्या ओळीला लिहिलं होतं: केस ५७, दोन व्यक्ती.

प्रणिता हसली. सात वर्षांच्या अंतरानं घेतलेले आवाज, मध्ये केवढा भूकंप झालेला, आवाज बदलणारच, म्हणून तिनं नव्याण्णवची टेप लावली. आईच होती. वाक्य संपताना खाली उतरणारा तो जरासा घोगरा आवाज प्रणिताला झोपेतही ओळखता आला असता. मग तिनं ब्याण्णवची लावली.

त्या टेपमधली बाई भरभर बोलत होती. बोलता बोलता स्वतःच हसत होती, आणि हसू आलं की आवाज चढत होता. तिच्या मांडीवर एक मूल होतं. ते मध्येच टेपरेकॉर्डरला हात घालत होतं आणि ती म्हणत होती, "बळ्या, सोड, बाईंचं मशीन हाय ते."

प्रणिताचा पाच-सहा वर्षांनी मोठा भाऊ बळीराम. पण बाई कोण? कानोसानं खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. ब्याण्णवमधली स्त्री, वय अंदाजे चोवीस. नव्याण्णवमधली स्त्री, वय अंदाजे पंचवीस. म्हणजे जुन्या माणसांनी दोन्ही वेळा बरोबर लिहिलं होतं. चूक एकच होती, आणि तिच्यापुढं 'दुरुस्त' असा शेरा होता.

ती मॅडमकडं गेली. तडवळकर मॅडमनी दोन्ही टेप ऐकल्या आणि पुन्हा एकदा लावायला सांगितल्या.

"नियम तुलाच पाठ आहेत," अखेर त्या म्हणाल्या. "शंका असलेली केस आपण उघडत नाही. तू काही केलं नाहीस तर सत्तावन्न जशी आहे तशी कुलपात जाईल, कुणीच ऐकणार नाही. तू सही करून तिच्या दोन केसेस केल्यास तर पहिल्या बाईचा आवाज तिच्या वारसाला कळवावा लागेल."

"वारस म्हणजे दादा."

"हो. त्याला माहीत आहे?"

"मलाच माहीत नव्हतं," प्रणिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती औसा रोडला भावाच्या घरी गेली. बळीराम ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, या वेळी तो वर्कशॉपमध्ये असणार हे पाहूनच ती गेली होती. आई शेंगा फोडत बसली होती. प्रणितानं आडवळणं घेतली नाहीत. ब्याण्णवची बाई कोण, असं तिनं सरळ विचारलं.

आईचे हात थांबले नाहीत. तिनं आणखी पाच-सहा शेंगा फोडल्या. मग काळ्या मण्यांतला चांदीचा टाक पदराबाहेर काढून प्रणिताच्या हातात दिला. प्रणिता जन्मापासून तो बघत आली होती. तुळजापूरच्या देवीचा टाक आहे, असं तिला वाटायचं.

"ही ती," आई म्हणाली. "दुसरेपणाची बायको घालती हे. पहिलीचा टाक. सुलोचना तिचं नाव."

"आणि तुझं?"

"लग्नात ताटातल्या तांदळावर तुज्या अण्णानं लिव्हलं, सुलोचना. तेच माजं." ती पुन्हा शेंगांकडं वळली. "भूकंपात ती आत झोपलेली. बळी दारातल्या बाजंवर आज्याच्या कुशीत हुता, म्हणून राहिला. दोन वर्साचं बी नव्हतं लेकरू. घरात कुणी सुलोचना म्हटलं की दाराकडं बघायचं. मी चार महिन्यानी आले घरात. तर आजा म्हणला, नाव तेच ठिवा. हाक मारली की दारातनं कुणीतरी आलं पायजे."

प्रणितानं टाक पुन्हा तिच्या पदराआड सोडला. रागवावं म्हटलं तर कुणावर रागवायचं?

"मग त्या बाया आल्या मशीन घिऊन," आई सांगत होती. "म्हणाल्या, सुलोचनाबाई, मागच्या टायमाला तुमी आमाला असं सांगितलं हुतं. बळी माज्या पाठीला टेकून बसलेला, सात वर्साचा. त्याच्यादेखत काय म्हणू? म्हणलं, हां, सांगितलं हुतं."

"दादाला अजून माहीत नाही?"

"न्हाई. आन् तू सांगायचं न्हाई." पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. "पन्नास वर्सं मी त्याची माय हाय. आता म्हातारपणी मला सावत्र करू नकोस, प्रणे."

"तुझं माहेरचं नाव काय होतं, माय?"

"काय करतीस नावाला. तेरणवाडीत हाक मारणारं एक माणूस उरलं न्हाई. मावशी हुती, ती बी गेली." आणि तिनं सूप झटकलं.

प्रणिता केंद्रात परतली ती ठरवूनच. सही करायची नाही. सत्तावन्न कुलपात जाऊ दे. एकवीस वर्षं तिनं माणसं वेगवेगळी ठेवली होती, ही दोन एकत्र राहिली तर आभाळ कोसळणार नव्हतं. तिनं तसा अर्ज लिहायलाही घेतला. पण तेरणवाडी हे गाव बावीसात होतं, आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. अर्ज अर्धा टाकून तिनं कानोसाला आईचा नव्याण्णवचा आवाज दिला आणि विचारलं, हाच घसा आणखी कुठं आहे का?

चहा पिऊन होईपर्यंत उत्तर आलं होतं. तेरणवाडी, ब्याण्णव, दुसऱ्याच कुणाच्या मुलाखतीच्या मागं. शंकेतल्या केसशी कानोसा आपणहून काही जोडत नसे, म्हणून हिची केस वेगळीच राहिली होती: दोन हजार नऊशे आठ. स्त्री. वय अंदाजे अठरा. मुलाखतीच्या जागेपासून तेरा हातांवर. पुढची नोंद नाही, बहुधा भूकंपात मृत. हाकेचं नाव: द्वारका.

प्रणितानं ते नाव तीन-चार वेळा मनात म्हणून पाहिलं. शेहेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं नाव तिला आज एका यंत्रानं सांगितलं होतं, तेही मेलेल्यांच्या यादीत. आणि आई सत्तावन्न नंबरच्या हिशेबापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाली, म्हणजे तिच्या साठीची शांत घरच्यांनी ती चोपन्न वर्षांची असतानाच करून टाकली होती. प्रणिताला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. ती टेबलावर डोकं टेकून रडली.

ओळख पटवण्यासाठी माणसाला केंद्रात बोलावता येतं, तसा नियम होता. शनिवारी सकाळी ती आईला घेऊन आली. आईनं खोलीभर पाहिलं, खुर्ची पुसून बसली आणि म्हणाली, लवकर आवर, बळीला डबा द्यायचाय.

टेपमध्ये एक बाई हौदाबद्दल सांगत होती. कानोसानं तिला बाजूला सारलं. मागून, लांबून, एका बाईचा आवाज आला. "द्वारके." थोडं थांबून पुन्हा, "द्वारके, ए द्वारके." मग चांगलीच वैतागून, "द्वारके, बहिरी झालीस का गं? घागरी भरून घे." आणि मग एका पोरीचा आवाज, जरासा घोगरा, शेवटी खाली उतरणारा: "आले की."

आईनं हातानंच खूण केली, पुन्हा लाव. प्रणितानं लावलं. असं पाच वेळा झालं.

"तीनदा हाक मारावी लागली मायला," आई म्हणाली. "लई आळशी हुते मी. कोपऱ्यात बसून मेंदीचा कोन करायले हुते, आठवतंय मला. पहिल्याच हाकंला जायला पायजे हुतं गं." ती रडत होती आणि पदर तोंडाशी न नेता तशीच बोलत होती. "तिचा आवाज ईसरले हुते मी. तोंड आठवायचं, पण आवाज कसा ते आठवत नव्हतं. पन्नास वर्सं आठवत बसले."

मग तिनं डोळे पुसले.

"बळीच्या मायचा आवाज बी हाय का ह्यात? असाच?"

"आहे."

"आन् तू तो कुलपात घालाय निगालीस."

"तूच म्हणालीस, माय."

"म्हणले हुते. तवा हे ऐकलं नव्हतं." ती उठली. "मला माज्या मायची हाक दिलीस. त्याची त्याला द्यायची न्हाई तर मी कसली माय? उद्या ऐतवार हाय, त्याची सुट्टी. घिऊन येते त्याला. पर सांगणार मी. तू मधी बोलू नकोस."

रविवारी केंद्रात कुणी नव्हतं. बळीराम आला तो हाताचं ग्रीस पूर्ण न निघालेला, एक्कावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आईनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. भूकंप, बाज, ताटातले तांदूळ, टाक. काही गाळलं नाही आणि काही गोडही करून सांगितलं नाही. प्रणिता भिंतीला टेकून उभी होती आणि तिला भावाच्या मानेवरची शीर तेवढी दिसत होती. यानंतर दादा आईशी बोलेल की नाही, हे ती त्या शिरेवरून ताडत होती.

सांगून झाल्यावर आईनं स्वतःच टाक गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतले.

"लाव," तो प्रणिताला म्हणाला.

सुलोचनाचा आवाज खोलीत आला. भरभर, हसरा. विहीर किती लांब, हौद कधी भरतो, सासरा कसा तिला पाण्याला जाऊ देत नाही, स्वतःच चार घागरी आणतो. बळीराम खाली बघत ऐकत होता. मधूनच मूल खिदळलं आणि ती म्हणाली, "बळ्या, सोड, बाईंचं मशीन हाय ते," तेव्हा त्यानं मान वर केली. ते खिदळणं आपलं आहे, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"आवाज जरा वाढव," तो म्हणाला.

मुलाखत घेणारी विचारत होती, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? तिला पाणी असं उत्तर हवं होतं, हे स्पष्ट कळत होतं. सुलोचना हसली नाही. पहिल्यांदाच तिचा आवाज हळू झाला.

"ह्याचीच की. माज्या हाताबिगर घास घेत न्हाई बगा हे. आजीनं भरवलं तर थुंकतंय. ह्याच्यापायी माहेराला जाऊन वर्स झालं. कधी वाटतंय, मी नसले तर हे लेकरू जेवायचं न्हाई."

टेप तिथं संपत होती. आई खुर्चीवरून पुढं झुकली, स्पीकरकडं, अगदी जवळ, जशी दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईशी बोलावं तशी.

"जेवला गं अक्का," ती म्हणाली. "नऊ दिवस माज्या हाताला तोंड लावलं न्हाई त्यानं. आज्याच्या ताटातलं कायबाय खायचा. धाव्या दिवशी जेवला."

प्रणितानं यंत्राचं बटण बंद केलं. तिला भावाकडं बघायचं धाडस होईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बळीरामनं आपली खुर्ची ओढून आईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली होती.

"धाव्या दिवशी काय दिलतीस, माय?" त्यानं विचारलं.

"ताकातल्या कण्या," ती म्हणाली. "पर मी भरवलं न्हाई तुला. वाटी तुज्याच हातात दिली, आन् तुजं खाऊन होईस्तवर शेजारी बसून राहिले."